मुलगा समलिंगी आहे. आईने शिकायचं कुठे? (मदत हवी आहे)

सुरंगी_वळेसर:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि बागकामाचे धागे वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही मालवण तालुक्यातल्या एका गावातले. थोडी हापूसची कलमं, मागे माड. ह्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली आहेत. मुलगा २४ वर्षांचा, एकुलता एक, पुण्याला नोकरीला आहे.

मे महिन्यात तो सुट्टीवर आला होता. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या आणि मी मागच्या पडवीत फणस फोडत बसले होते. हाताला खोबरेल लावलं होतं तरी चीक कोपरापर्यंत आलेला. तो समोर येऊन बसला आणि खाली बघतच म्हणाला, "आये, माका लगीन नको. चेडवाशी तर नकोच. मी पयल्यापासून असोच आसंय." मग एका मुलाचं नाव घेतलं. दोन वर्षं ते दोघे एकमेकांचे आहेत म्हणाला.

बोलता बोलता तो माझ्याकडे सरकला आणि मी त्याला कोपराने मागे सारलं. अंगात नवा शर्ट होता. फणसाचा चीक कपड्याला लागला की जात नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. देवाशपथ दुसरं काही नव्हतं. मग हात धुवायला उठले. तेल चोळलं, राख लावली, मग साबण. परत आले तर तो उठून समुद्रावर गेला होता.

त्यानंतर मी ज्या दोन गोष्टी केल्या त्या लपवत नाही. मोठ्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "कोणी काय करणी केल्यान काय, कौल लावून बघ." आम्ही देवळात गेलो. गुरवांनी "घरात जी काय इडापीडा आसात" म्हणून गाऱ्हाणं घातलं, पण नेमकं काय मागायचं ते माझ्या तोंडून फुटेना. तशीच परत आले. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. एका शहरातल्या डॉक्टरांकडे त्याला नेलं. ते म्हणाले, सहा महिने गोळ्या घ्या, मग लग्न लावून द्या, सगळं सुरळीत होईल. मुलगा केवळ माझ्या समाधानासाठी आला होता. येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला, ते गाव येईपर्यंत. गोळ्या आम्ही घेतल्या नाहीत. चिठ्ठी माझ्या मिसळणाच्या डब्याखाली ठेवलेली आहे, अजून फेकवत नाही.

आता चवथ आली. सासूबाईंनी शेजारच्या गावातली एक मुलगी हेरून ठेवली आहे, चवथीत दाखवायची म्हणतात. आणि रविवारी मुलाचा फोन आला, "आये, ह्या वर्षी त्याका घेऊन येव?" मी म्हटलं सांगते.

मला माझ्या मुलाला बदलायचं नाही. ते मी कधीच ठरवलं आहे. मला कळत नाही ते वेगळंच. माझ्या हातून त्याच्यावर काही परिणाम झाला असेल का? ह्यांना आता सांगू की थांबू? ते मारझोड करणारे नाहीत, पण बोलणंच बंद करतील. त्याला बायकांसारखं राहायचंय का, हे विचारायचं असतं का? दशावतारात स्त्रीपार्ट करणारे पाहिलेत, तेवढंच मला ठाऊक. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, माझ्यासारखी दुसरी आई मला कुठे भेटेल? गावात विचारायची सोय नाही. इंग्रजी वाचायला लागले की दोन ओळींत अडकते. मराठीतून कुणी समजावून सांगेल का?

दापोलीची_बाई:

ताई, मी तुमच्यासारखीच एक आई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या मुलीने चार वर्षांपूर्वी सांगितलं की तिला मुलगी आवडते.

सगळ्यात आधी ह्यांचं. मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या वडिलांना एक अक्षर सांगू नका. मी ती चूक केली. मन मोकळं करायला भावाशी बोलले, त्याने वहिनीला सांगितलं, आणि आठ दिवसांत वाडीभर झालं. मुलगी मला एवढंच म्हणाली, "आई, ते सांगायचं माझं होतं." त्यानंतर एक वर्ष ती शिमग्याला आली नाही. पालखी दारात आली तेव्हा ओटी भरताना माझे हात कापत होते. तुमच्या बहिणीला कळलंच आहे, तर तिला आजच फोन करून सांगा की हे तुझ्यापाशीच ठेव. मुलालाही सांगा की मावशीला माहीत आहे. दुसऱ्याकडून कळलं तर त्याला जास्त लागेल.

दुसरी आई कुठे भेटेल, त्याचं उत्तर आहे. 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' नावाचा आईबाबांचाच गट आहे. सुरुवात मुंबईतली, पण आता देशभरातले पालक त्यात आहेत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात समलिंगी लग्नाच्या हक्काची सुनावणी होती तेव्हा याच गटातल्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. मला तिथे पहिल्यांदा एक बाई भेटल्या, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी पण आधी देवाकडेच गेले होते." मला तेवढं पुरलं. समलिंगी लोकांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था मुंबईत १९९४ पासून आहे. तुमचा मुलगा पुण्याला आहे, तिथे समपथिक ट्रस्टने हेच काम २००२ पासून मराठीतून केलं आहे.

पालकांच्या अशा गटांची सुरुवात एका आईनेच केली, हे मला फार धीर देतं. जीन मॅनफोर्ड नावाच्या न्यूयॉर्कच्या एक प्राथमिक शिक्षिका. १९७२ साली त्या आपल्या समलिंगी मुलाच्या बाजूने हातात फलक धरून समलिंगींच्या मोर्चात चालल्या. लोक रस्त्यात येऊन त्यांना म्हणू लागले, आमच्या आईशी जरा बोलाल का? १९७३ च्या मार्चमध्ये एका चर्चमध्ये वीसेक माणसं जमली. पालकांची पहिली बैठक ती.

मित्राला घेऊन येऊ द्या. चवथीत घर चाकरमान्यांनी भरलेलंच असतं, माजघरात ओळीने अंथरुणं पडतात. "मुलाचा मित्र" एवढं पुरे. बाकी ओळख कशी करून द्यायची ते मुलाला विचारा.

मनाची_डॉक्टर:

नमस्कार ताई. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, कोकणातच काम करते.

ती चिठ्ठी फेकून द्या. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी ती आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०१८ मध्ये हेच सांगितलं. आजार नाही तर गोळी कशावर? कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे.

ते ज्या खटल्यातून आलं, त्यातली एक गोष्ट तुमच्यासाठी सांगते. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ च्या आदेशाआधी कबूल केलं की या विषयाची आपल्याला पुरेशी समज नाही, आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञांसमोर शिकायला बसले. न्यायाधीश बसू शकतात, तर तुम्ही "मला माहीत नाही" म्हणण्यात काहीच कमीपणा नाही.

तुमच्या हातून झालेलं भरून येण्यासारखं आहे. पण ते तोंडाने म्हणा. "डॉक्टरकडे नेलं ते माझं चुकलं" हे वाक्य मुलांना हवं असतं. त्याच्या झोपेकडे आणि जेवणाकडे लक्ष ठेवा. फोन टाळायला लागला, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असं बोलायला लागला, तर थांबू नका, लगेच मदत घ्या. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मोफत, मराठीतही बोलतात. तुम्हीही तिथे फोन करू शकता, आईलाही मन असतं. यापुढे कुणा समुपदेशकाकडे जायचं झालं तर आधी फोनवरच विचारा, "माझा मुलगा समलिंगी आहे, तुम्ही हे बदलण्याचं काही करता का?" "बघू, प्रयत्न करू" असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका.

मोहोर_करपला:

शहरात पाठवलं की हेच होणार. लहानपणी संस्कार कमी पडले.

सुरंगी_वळेसर:

तो बारावीपर्यंत इथेच, माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याला स्वतःला दहावीतच कळलं होतं म्हणतो. म्हणजे आठ-नऊ वर्षं माझ्या पानात पान वाढून घेऊन तो हे एकटा सांभाळत होता. माझं काही कमी पडलं असेल तर ते इतकंच.

देवगड_ते_डोंबिवली:

काकू, मी तुमच्या मुलासारखाच. वय ३३.

दशावताराचं आधी. राती देवळासमोर जो स्त्रीपार्टी नऊवारी नेसून उभा राहतो, तो सकाळी लुंगी लावून शेतात जातो, घरी बायकामुलं असतात. वेश ही एक गोष्ट. आपण आतून बाई की पुरुष, ही दुसरी. आणि आपलं मन कुणावर जातं, ही तिसरी. तिघांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. तुमच्या मुलाने तुम्हाला फक्त तिसरी गोष्ट सांगितली आहे. जन्माच्या वेळी मुलगा म्हटलं गेलं पण आतून मुलगी, अशा व्यक्तीला पारलिंगी म्हणतात, तो विषय वेगळा. तसं काही असेल तर तो सांगेल. आपल्याकडून चौकशी नको.

लग्नाचं डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मला राग आला. आमच्या भावकीत एकाचं असं लग्न लावून दिलं. तो मुंबईत, ती गावात सासू-सासऱ्यांची पेज करत बसली. सहा वर्षं. तिचं काय चुकलं होतं? सासूबाईंना आजच सांगा की मुलगी दाखवायची नाही. कारण द्यायची गरज नाही. "तो लगीन करूचो नाय, मी त्याच्याशी बोललंय" एवढं आईने ठामपणे म्हटलं की पुरतं.

मी आईला २०१९ ला सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. रोज फोनवर "जेवलंस?" विचारायची, पण त्या विषयाला आठ महिने हात लावला नाही. ती गप्प राहायची ते मला नकारासारखंच वाटायचं. मग आंगणेवाडीच्या जत्रेतून तिचा फोन आला. मागे लाउडस्पीकर वाजत होता. म्हणाली, "खाजा घेतंय. तुझ्या त्या मित्राक आवडता?" मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो. काकू, त्याच्या मित्राबद्दल काहीतरी विचारा. काहीही. कुठला, काय खातो, आई काय करते.

कोर्टाची_पायरी:

कायद्याचं थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान व्यक्तींचं संमतीचं समलिंगी नातं गुन्हा नाही. कुणी कलम ३७७ ची (ज्याखाली हे आधी गुन्हा धरलं जायचं) धमकी दिली तर घाबरू नका. लग्नाला मात्र मान्यता नाही, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने ती दिली नाही. अर्थमंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं की जोडीदारासोबत बँकेत संयुक्त खातं काढता येतं आणि त्या खात्यावर त्याचं नाव नॉमिनी म्हणून लावताही येतं. आंब्याच्या कलमांचं पुढे काय, हा प्रश्न घरात कधीतरी निघेलच. त्यासाठी मृत्युपत्र लागतं, आणि ते कुणाही सज्ञान व्यक्तीला करता येतं.

सुरंगी_वळेसर:

तुम्हा सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. बहिणीला फोन केला. ती आधी रुसली, मग म्हणाली, माझ्या पोटात राहील. सासूबाईंनाही सांगितलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत, पण त्या मुलीच्या घरी निरोप गेला आहे. ह्यांचं मुलावर सोडलं आहे. दापोलीच्या ताई, तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे, सवडीने बघा.

काल रात्री मुलाला फोन लावला. डॉक्टरांचं बोलले, माझं चुकलं म्हटलं. तो म्हणाला, "ता जावंदे." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "आये, तू त्या दिवशी माका ढकललंस." मी म्हटलं, अरे, हाताक चीक होतो, तुझो नवो शर्ट. पलीकडून आवाजच येईना, मला वाटलं रेंज गेली. मग हसायला लागला की रडायला, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

त्याच्या मित्राचं विचारलं. लातूरकडचा आहे, घरी कुणी नाही, आजीने वाढवलं. समुद्र एकदाच पाहिलाय, तोही मुंबईत. मी म्हटलं, घेवन ये.

पण पुण्याहून चवथीच्या आदल्या दिवशीची मालवणची एसटी पूर्ण भरली आहे, एकच जागा शिल्लक दाखवते. जादा गाड्या सोडतात त्यांचं आरक्षण कुठे बघायचं, कुणाला माहीत आहे का? कणकवलीपर्यंतच्या दोन जागा मिळाल्या तरी चालेल, तिथून आणायची सोय मी बघते.