ईस्टरच्या आठवड्यात सेव्हिल: जाच!

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये धार्मिक मिरवणुका निघतात. गर्दीमुळे तेव्हा तिथे जाणं टाळा, असं बरेच जण सांगतात. मी म्हणेन, जाच. फक्त हॉटेल नकाशा बघून घ्या. ला कम्पाना चौक ते कॅथेड्रल (मुख्य चर्च) हा मिरवणुकांचा ठरलेला मार्ग. त्याला लागून खोली घेतलीत तर बॅगा घेऊन रस्ता ओलांडायलाही ताटकळावं लागेल. गुड फ्रायडेच्या आदली, गुरुवारची रात्र मात्र झोपेत घालवू नका. 'ला माद्रुगा'च्या, म्हणजे त्या रात्रीच्या मिरवणुका शुक्रवारी सकाळपर्यंत चालतात. मेणबत्त्यांच्या उजेडात माकारेनाची (मेरीमातेची) मूर्ती हळूहळू डुलत येते आणि एखाद्या गॅलरीतून कुणी 'साएता' (भक्तिगीत) गायला लागलं की सगळी गल्ली चिडीचूप! पावसात मिरवणुका रद्द होऊ शकतात, म्हणून एकाच रात्रीचा बेत नको. शेंगेन व्हिसाचा अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, तेव्हा उगाच थांबू नका.