शँपेन परवडंना, मग फ्रान्सहून दुसरं काय मागवावं?

आडतवाला, लातूर
मंडळी, पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला 25 वर्षं होतायत. पुतण्या तुलूजला नोकरीला आहे, तो नेमका तेव्हाच सुट्टीवर येतोय. त्याला म्हणलं, येताना शँपेनच्या दोन बाटल्या आण. त्यानं दुकानातून फोटो धाडला, एकीला 42 युरो. म्हणजे एका बाटलीत क्विंटलभर सोयाबीन गेलं की! 12-15 युरोत फ्रान्सचीच फेसाळणारी काही बरी मिळंल का? बायको एरवी घेत नाही, पण बूच उडायला पाहिजे म्हणती. बेत मुगाची भजी, धपाटे, दही.

पैठणगेट, संभाजीनगर
पुतण्याला सांगा, लेबलवर 'क्रेमाँ' शब्द बघ. शँपेन हे नाव फक्त शँपेन भागातल्या वाइनलाच लावता येतं. क्रेमाँ बाकीच्या भागांतली. आल्सास, लुआर, बर्गंडी असे बरेच आहेत. रीत तीच, दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीतच होतं. फरक मुरण्याचा: क्रेमाँ यीस्टच्या गाळावर किमान 9 महिने राहते, शँपेन बाटलीत किमान 15 महिने. म्हणून शँपेनमध्ये तो भाजलेल्या पावाचा वास जास्त येतो. पण भज्यांसोबत कुणाला कळतंय ते!

आणि पोरगं तुलूजला आहे तर लिमू तिथून जवळच. 'क्रेमाँ द लिमू' घ्या, नाहीतर 'ब्लांकेत द लिमू'. ब्लांकेतमध्ये किमान 90 टक्के मोझाक द्राक्ष असतं, चवीला हिरव्या सफरचंदासारखं. लिमूवाले तर सांगतात, आमच्या मठात 1531 पासून फेसाळती वाइन आहे, शँपेनच्या आधीची. दोन्ही तुमच्या बजेटात बसतात. नुसतं 'मुसो' (म्हणजे फेसाळती) लिहिलेली अगदी स्वस्त बाटली मात्र घेऊ नका, ती बहुतेक टाकीत फेसवलेली असते.

आडतवाला, लातूर
गोड घ्यावी का कमी गोड?

पैठणगेट, संभाजीनगर
'ब्रूत' म्हणजे कोरडी, लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर. तळणाला हीच. वहिनींसाठी एक 'दमी-सेक' आणा, तिच्यात 32 ते 50 ग्रॅम. 'एक्स्ट्रा ड्राय' नावावर जाऊ नका, ती ब्रूतपेक्षा गोडच असते. ठेचा त्या दिवशी बाजूला ठेवा, फेसानं जीभ आणखी पेटते.

मोसंबीबाग, जालना
माझं ऐका. गेल्या मे महिन्यात अशीच बाटली मी गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवली. संध्याकाळी बुचावरची तार सोडली अन् बूच थेट ट्यूबलाइटवर. निम्मी वाइन बहिणीच्या पैठणीवर. ती अजून बोलती. गाडीच्या चाकात आपण 32-33 हवा भरतो, या बाटलीत 80 च्या आसपास असते. फ्रिजमध्ये चार तास उभी ठेवा, तार सहा अर्धे वेढे फिरवून सोडा, पण अंगठा बुचावरून काढू नका. बूच घट्ट धरा अन् बाटली फिरवा. नुसता 'फुस्स' आला पाहिजे.

आडतवाला, लातूर
फुस्स कसं चालंल राव, बायकोला आवाज पाहिजे!

मोसंबीबाग, जालना
मग अंगणात उघडा. अन् पैठणी नेसू देऊ नका.

पैठणगेट, संभाजीनगर
एक राहिलंच. बाटल्या मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत. माणशी 2 लिटरपर्यंत कस्टम लागत नाही, 750 मिलीच्या दोन आरामात बसतात.

आडतवाला, लातूर
पुतण्याचा फोटो आला. एक ब्लांकेत, एक दमी-सेक, दोन्ही मिळून 23 युरो. हिला सांगितलं, तर म्हणती, उरलेल्या पैशांत ट्यूबलाइट आणून ठेवा.