मदत हवी आहे : थंडीतलं ओव्हरक्लॉक मे महिन्यात कोसळतंय

भाऊ, जानेवारीत सहा कोरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून (कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून) १.३० व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झला बसवला होता. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकून तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चाललं, प्रोसेसर ८० अंशांच्या वर गेला नाही. आता नागपुरात बाहेर ४५, खोलीत कूलर लावूनही ३४. दहा मिनिटांत प्रोसेसर ९५वर, मग थ्रॉटलिंग (तापल्यामुळे तो आपोआप वेग कमी करतो), कधी थेट निळा स्क्रीन. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उचलला तर त्याखालची थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली. सीताबर्डीहून आणून नवी लावली, फरक फक्त ४ अंश. १.२५ व्होल्टवर ८६ला थांबतो, पण प्राइम९५चा एक वर्कर (चाचणीची एक शाखा) लगेच एरर देऊन बंद पडतो. लोड-लाइन कॅलिब्रेशन (ताण आल्यावर व्होल्टेज फार पडू न देणारी मदरबोर्डची सेटिंग) एक पायरी वाढवू, की ४.४ गिगाहर्ट्झवर मुकाट्यानं उन्हाळा काढू? आणि कूलरचं तोंड सरळ कॅबिनेटकडे फिरवलं तर चालेल का? वाळ्यातून येणारी ती ओली हवा मदरबोर्डवर सोडायला मन धजत नाही.