‘अ‍ॅपथेटिक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: पणजीतल्या एका संस्थेच्या इंग्रजी अहवालात मतदारांना ‘अ‍ॅपथेटिक’ म्हटलंय. ‘मतदार उदास होते’ असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर: नाही. उदास म्हणजे खिन्न. तुम्हाला हवा आहे तो ‘उदासीन’. उद् + आसीन, म्हणजे बाजूला, अलिप्तपणे बसलेला. गंमत अशी की हा मुळात गौरवाचा शब्द. गीतेच्या 12व्या अध्यायात ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’ हे प्रिय भक्ताचं लक्षण आहे. इंग्रजी शब्दाचं मूळ ग्रीक ‘अपाथेइया’; ‘अ’ नकाराचा, ‘पाथोस’ म्हणजे भावना, विकार. स्टोइक या प्राचीन ग्रीक पंथाच्या तत्त्वज्ञांच्या लेखी ती साधनेनं कमवायची स्थिती होती. आज बातमीत दोन्ही शब्द ठपका ठेवतात, म्हणून ही जोडी इतकी नेमकी जुळते. मात्र विज्ञानाच्या पुस्तकातलं उदासीन द्रावण म्हणजे सामू 7 असलेलं. तिथे ठपका नाही, आणि इंग्रजी शब्दही ‘न्यूट्रल’.

आणखी एक: विशेषणच हवं हा हट्ट सोडा. ‘मतदारांना निवडणुकीचं सोयरसुतक नव्हतं’ हे जास्त मराठी आहे. सुतक नात्यातल्या माणसाचं पाळतात. नातंच नाही तर सुतक कसलं? कोंकणीत ‘कोणाकूच पडून गेल्लें ना’ (कोणालाच काही पडलेलं नाही) म्हणतात, त्यातही हीच धार आहे. अहवालाची भाषा थोडी औपचारिक ठेवायची तर ‘मतदानाबाबत अनास्था दिसली’. ‘तटस्थ’ मात्र टाळा. तटस्थ माणूस विचार करून बाजू घेत नाही, अ‍ॅपथेटिक माणूस विचारच करत नाही.

प्रश्न: आणि गोव्यापुरतं ‘सुशेगाद मतदार’ म्हटलं तर?

उत्तर: कृपा करून नको. सुशेगाद पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून आला, अर्थ शांत, निवांत. सुशेगाद माणूस दुपारी दुकान बंद ठेवेल, पण गावच्या जत्रेला किंवा चर्चच्या फेस्ताला पहिला हजर असेल. त्याला घाई नसते. आस्था पुरेपूर असते. पर्यटनाच्या जाहिरातींनी या शब्दाला आधीच आळसाकडे ढकललंय, त्यात आपण भर घालू नये.

पुरवणी: शेजारचा ‘इनडिफरंट’ जास्त फसवतो. त्याचा एक अर्थ उदासीन, दुसरा सुमार. खेळाच्या बातमीतला ‘इनडिफरंट परफॉर्मन्स’ म्हणजे सुमार खेळ. तिथे ‘उदासीन कामगिरी’ छापलं की अर्थच जातो. इंग्रजीत लिहिताना ‘इनडिफरंट’पुढे ‘टू’ येतो, ‘अ‍ॅपथेटिक’पुढे ‘अबाउट’ किंवा ‘टुवर्ड्‌झ’. उच्चारात जोर ‘थे’वर. ‘पथेटिक’ म्हणजे केविलवाणा, त्याच्याशी गल्लत नको.

वैद्यकीय मजकुरात तर फारच जपून. पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशात ‘अ‍ॅपथी’ हे लक्षण असतं, आणि ते नैराश्याहून वेगळं: रुग्ण दुःखी असेलच असं नाही, त्याची काही करण्याची ऊर्मी आटलेली असते. तिथे ‘बेफिकीर’ लिहिलं तर आजाराचा दोष माणसावर जातो. ‘निरिच्छता’ लिहावं.