कॉलेजच्या २०० खुर्च्यांच्या हॉलात दसऱ्यानंतर मैफली: तारखा, आवाज, परवानगी

कॅम्पसकट्टा

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका कॉलेजच्या हॉलात दसरा ते डिसेंबर या काळात तीन कार्यक्रम घ्यायचे आहेत. एक शास्त्रीय गायनाची मैफल, एक विद्यार्थ्यांचा नाट्यगीत-भावगीतांचा कार्यक्रम आणि एक सोदाहरण व्याख्यान. तिन्ही गावातल्या लोकांना खुले.

हॉल ४० बाय ६० फूट, छत १४ फुटांवर. खाली फरशी, भिंतींना ऑइलपेंट, दोन्ही बाजूंना खिडक्या, २०० प्लास्टिक खुर्च्या. स्टेज सिमेंटचं, अडीच फूट उंच. भिंतींवर भाषणासाठी चार कॉलम स्पीकर कायमचे बसवलेत. टाळी वाजवली की हॉल नुसता घुमतो. पैसे बेताचे आहेत. मोठे स्पीकर भाड्याने आणावेत की आणखी कशावर खर्च करावा? तारखा कुठल्या टाळाव्यात? आणि परवानगी कुणाकुणाची लागते?

घुमटवाला

मोठे स्पीकर आणू नका. घुमणाऱ्या हॉलात आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं आणि गायकाचे शब्द मागच्या रांगेला कळत नाहीत ते नाहीतच. आधी हॉल कोरडा करा.

ढोबळ हिशेब देतो. सॅबाइनच्या सूत्राने, घुमण्याचे सेकंद म्हणजे ०.०४९ गुणिले हॉलचे घनफूट, भागिले एकूण शोषण (भिंती, फरशी, माणसं मिळून किती आवाज गिळतात ते, चौरस फुटांत). तुमचा हॉल ३३,६०० घनफूट. ऑइलपेंट, फरशी, प्लास्टिक खुर्च्या मिळून शोषण जेमतेम ३०० धरा. रिकामा हॉल पाच सेकंदांहून जास्त घुमतो. माणूस साधारण साडेचार शोषतो, त्यामुळे २०० माणसं बसली की तोच हॉल सव्वा ते दीड सेकंदावर येतो, आणि तेवढं गाण्याला चालतं. खरी अडचण १००च माणसं आली तर होते. तेव्हा सव्वादोन सेकंद राहतात, द्रुत तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात आणि तबल्याचे बोल चिखल होतात. म्हणून व्यवस्था अर्ध्या गर्दीसाठी करायची, पूर्ण भरलेल्या हॉलासाठी नाही.

सहा बाय नऊच्या जाड सतरंज्या किंवा घोंगड्या १२ नग लागतील. मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात, नाहीतर वसतिगृहातल्या वाकळी गोळा करा, चालतात. त्या भिंतीला चिकटवून लावू नका. खिळ्यांना दोरी ताणून भिंतीपासून चार ते सहा इंच पुढे लोंबू द्या, मागे हवा राहिली की खालचे स्वरही थोडे शोषले जातात. पाच मागच्या भिंतीवर, उरलेल्या सात एकाच बाजूच्या भिंतीवर खिडक्यांच्या मध्ये. समोरासमोरच्या दोन्ही भिंती झाकायची गरज नसते. टाळीनंतर जी टर्रर्र ऐकू येते ती दोन उघड्या समांतर भिंतींत आवाज आपटत राहिल्यामुळे येते, एक भिंत मऊ केली की ती तुटते. एवढ्यावर १०० माणसांतही सुमारे १.६ सेकंदावर याल.

पुढच्या १२ फुटांत खुर्च्या काढून भारतीय बैठक करा. फरशीवर खुर्ची सरकल्याचा जो कर्कश आवाज येतो, निदान पहिल्या रांगांतला तरी तो जाईल. पातळ पडद्यांवर मात्र एक रुपया घालू नका. ते फोटोत छान दिसतात, आवाजाला काही करत नाहीत.

भातपट्टा

तारखांचं मी सांगतो.

परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही संध्याकाळी गाठतो. हॉलवर पत्रा असेल तर त्याआधी तारीख धरूच नका, पावसाची सर आली की माइकसुद्धा हरतो. नवरात्रात लोक पहाटे दुर्गामाता दौडीला आणि रात्री दांडियाला, त्यामुळे संध्याकाळची मैफल ओस पडते. २३ ते २५ ऑक्टोबरला कित्तूर उत्सव असतो, जिल्ह्यातले चांगले साऊंडवाले आणि लाइटवाले तिकडे गुंततात. १ नोव्हेंबर तर सोडाच. कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते, त्याच दिवशी सीमाभागातले मराठी लोक काळा दिनही पाळतात, मधल्या शहरात रस्ते बंद आणि सगळे पोलीस बंदोबस्ताला. आदल्या दिवशीचाही कार्यक्रम नको, तयारी सुरू झालेली असते.

डिसेंबरमध्ये सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आणखी एक गोष्ट होते जी बाहेरच्यांना सुचत नाही: लॉज मिळत नाहीत. पुण्या-मुंबईचा कलाकार असेल तर खोली आताच धरून ठेवा, किंवा कार्यक्रम नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ओढा. धारवाड-कोल्हापूरचा कलाकार बोलावलात तर तोही प्रश्न नाही, रात्री घरी परत जातो.

दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मधला शनिवार उत्तम. फक्त विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक बघा, नाहीतर तुमचेच स्वयंसेवक मिळायचे नाहीत.

आणि तुडतुडे विसरू नका! भात पिकायच्या दिवसांत, विशेषतः अमावस्येच्या आसपास, हिरवे तुडतुडे दिव्यावर ढगासारखे येतात. गायकाने आ केला की तोंडात. हॉलच्या दाराशी पांढरी ट्यूब असेल तर ती विझवा आणि हॉलपासून ५०-६० फुटांवर, कुंपणाच्या बाजूला एक झगझगीत पांढरा दिवा लावून ठेवा, किडे तिकडे जातात. दारावर पिवळा मंद बल्ब. स्टेजचे दिवे लावायच्या आधी खिडक्या बंद.

फेडर खाली

साऊंडवाल्याला तोंडी 'क्लासिकल आहे' एवढंच सांगितलंत तर तो लग्नाच्या ऑर्केस्ट्राचाच सेट आणेल, दोन बेससकट. कागदावर लिहून द्या:

१२ इंची अ‍ॅक्टिव्ह टॉप (आत अँप्लिफायर असलेले मुख्य स्पीकर) २, बेस नाही. मॉनिटर (कलाकारांकडे तोंड करून ठेवायचे स्पीकर) २. लहान मिक्सर, किमान ८ चॅनल, ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) असलेला. गायकाला एसएम ५८ किंवा त्या जातीचा डायनॅमिक माइक, तबल्याला २ (एक दायाँ, एक बायाँ), हार्मोनियमला १, निवेदनाला १, तानपुऱ्यांना कंडेन्सर (जास्त संवेदनशील माइक) १. एक माइक आणि दोन तीन-पिनी केबल जादा. कार्यक्रमात बंद पडते ती नव्वद टक्के वेळा केबलच.

भिंतीवरचे कॉलम मैफलीपुरते बंद ठेवा. गायक समोर आणि आवाज कानाशेजारच्या भिंतीतून, असं विचित्र होतं. टॉप स्टेजच्या पुढच्या कडेला, माइकच्या रेषेच्या पुढे, साडेसहा-सात फुटांवर, तोंड किंचित खाली आणि शेवटच्या रांगांकडे. माइकच्या मागे गेले की शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

गायकाचा माइक हनुवटीच्या उंचीवर, सहा इंचांवर, किंचित बाजूने, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटका सरळ बसत नाही. तबल्याचे माइक कातडीपासून चार-पाच इंच वर. हार्मोनियमचा माइक भात्याच्या बाजूला नको, फुसफुस येते. तो समोरून, आठ-दहा इंचांवर, तबल्याकडे पाठ करून. गायक आणि निवेदकाच्या चॅनलवर ८०-१०० हर्ट्झखालचं कापून टाका. बायाँवर मात्र कापू नका, घुमारा जातो. हॉल गुरगुरत असेल तर २५० ते ४०० हर्ट्झमध्ये थोडं कमी करा. शिट्टी बहुतेक दोन ते चार हजारांत येते. एको आणि रिव्हर्ब शून्य, तुमच्या हॉलात ते फुकट मिळतंय.

मॉनिटरमध्ये गायकाला स्वतःचा आवाज आणि हार्मोनियम, तबलजीला गायक. बाकी काही नाही. प्रत्येकाला सगळं हवं असतं, पण सगळं दिलं की स्टेजवरचाच आवाज हॉलमधल्यापेक्षा मोठा होतो आणि मग गायक म्हणतो 'मला ऐकू येत नाही'. मधल्या रांगेत मोबाइलच्या मीटरवर सरासरी ७५ ते ८० डेसिबल दिसले की थांबायचं.

गायकाच्या डोक्यावरचा पंखा बंद. पात्यांमुळे लांबवलेला सा थरथरल्यासारखा ऐकू येतो, शिवाय वारा माइकमध्ये घुसतो. पंखे बाजूचे चालू ठेवा.

जवारी

वरचं सगळं मान्य, तानपुऱ्याच्या कंडेन्सरला मात्र माझा विरोध. छोट्या हॉलात तानपुरे गायकाच्या मागे दीड-दोन फुटांवर असतात, गायकाच्या माइकमध्ये ते आपोआप येतात. कंडेन्सर मॉनिटरचाही आवाज ओढतो आणि सगळ्यात आधी तोच शिट्टी मारतो.

दुसरं, तानपुरे आणि तबला किमान दोन तास आधी हॉलात आणून ठेवा, आणि ज्या पंख्यांत मैफल होणार ते पंखे चालू करूनच लावा. ऑक्टोबरात दुपारी ऊन आणि सातनंतर गारवा, असं बेळगावचं हवामान. गारव्याने तारा आखडून चढतात, ऊबेने उतरतात. तबल्याच्या कातडीला ओल लागली की ती उतरते, कोरड्या हवेत ताणली जाते. म्हणजे एकाच संध्याकाळी तार एकीकडे, कातडं दुसरीकडे. मध्यांतरात पाच मिनिटं फक्त सुरात लावायला राखून ठेवा, त्या पाच मिनिटांत सत्कार घालू नका.

गायकाची पट्टी (हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीवर त्याचा सा असतो ते) पत्रव्यवहारातच विचारा. काळी एकला साधारण साडेपाच इंची तोंडाचा तबला लागतो, काळी चारला सहा इंचांहून मोठा. तबलजीला आयत्या वेळी कळलं तर तो एकच दायाँ घेऊन येतो आणि मग हातोडीने ठोकत बसतो. हार्मोनियमचे सूर हलत नाहीत, म्हणून आधी त्याच्याशी तानपुरा जुळवा आणि मग तबला. तानपुऱ्याची जवारी (घोडीची ती घासणी जिच्यामुळे तार गुंजते) गेली असेल तर मिरजेला पाठवायला निदान पंधरा दिवस धरा. दसऱ्याआधी तिथल्या कारागिरांकडे गर्दी असते.

फेडर खाली

जवारींचं माझ्या कंडेन्सरबद्दल बरोबर आहे, पण गायक खालच्या पट्टीत आणि हळू आवाजाचा असेल तर तानपुरा मागच्या रांगेला पोचत नाही. माइक ठेवा, फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) जवळजवळ तळाला, आणि मॉनिटरमध्ये अजिबात देऊ नका. ऐकू आला असं वाटलं की समजा जास्त झाला.

कॅम्पसकट्टा

फार उपयोगाचं. एक राहिलं. हॉलातल्या जुन्या सेटमध्ये सतत 'हुंऽऽ' येतं, दिवे लावले की वाढतं. ते का?

तीन फेज

५० हर्ट्झची गुणगुण. दिवे लावल्यावर वाढते म्हणजे दिवे आणि साऊंड एकाच फेजवर आहेत, किंवा अर्थिंग ढिलं आहे. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा बघा, पाऊस संपला की तो कोरडा पडतो. मिक्सर, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, मॉनिटर हे सगळं एकाच १५ अँपियरच्या सॉकेटवरून घ्या, दिवे-पंखे दुसऱ्या फेजवर. स्टेजवर एका टोकाच्या सॉकेटला मॉनिटर आणि दुसऱ्या टोकाला मिक्सर असं केलं की दोन अर्थमध्ये फेरा तयार होतो आणि गुणगुण येते. लॅपटॉपवरून आवाज द्यायचा असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. माइकची केबल वीज केबलला समांतर नको, ओलांडायची तर काटकोनात.

गुणगुण जावी म्हणून प्लगची जाड अर्थ पिन कुणी मोडायला निघालं तर त्याला स्टेजवरून उतरवा. माइकला ओठ लागलेले असताना शॉक बसतो.

हेस्कॉमचा वीजपुरवठा गेला तर? दोन टॉप, दोन मॉनिटर आणि मिक्सर मिळून प्रत्यक्षात एक किलोवॉटच्या आत. ५४ वॉटचे आठ एलईडी पार (स्टेजचे दिवे) म्हणजे आणखी साधारण ४३० वॉट. २० पंखे दीड किलोवॉट. ५ केव्हीए सायलेंट जनरेटर पुरतो. एसी त्यावर नको. जनरेटर खिडक्यांच्या बाजूला ठेवू नका, धूर आणि आवाज दोन्ही आत येतात. डिजिटल मिक्सर असेल तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावा, नाहीतर वीज क्षणभर गेली तरी तो पुन्हा सुरू होईपर्यंत गायक आलाप धरून बसणार.

अर्जदार

परवानगीचं. बंद सभागृहात आतल्या लोकांपुरता आवाज असेल तर रात्री १० ते सकाळी ६ची लाउडस्पीकरबंदी २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत सभागृहांना लागू होत नाही. पण गर्दी झाली म्हणून अंगणात एक स्पीकर लावला की ते उघड्यावरचं झालं, आणि शाळा-कॉलेज, इस्पितळ, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकतात. म्हणून बाहेर स्पीकर नकोच, दुसरी बैठक व्हरांड्यात खिडकीजवळ करा. तरीही पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, अंदाजे गर्दी आणि वाहनतळाची जागा लिहून प्राचार्यांच्या सहीने अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज कानडीत असेल तर लवकर हलतो. मराठीत दिलात तर साहेबांना सहीआधी तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो.

पत्रिका आणि फलक कानडी-मराठी दोन्हींत करा, कानडी मजकूर वर. फलक रस्त्यावर लावायचा तर महानगरपालिकेची परवानगी लागते. आणि तो कापडी करा, प्लास्टिक फ्लेक्सवर राज्यात २०१६पासून बंदी आहे.

गाण्यांचे हक्क हा मुद्दा बहुतेक कॉलेजं विसरतात. विद्यार्थी आणि शिक्षकांनी सादर केलेलं आणि प्रेक्षकही विद्यार्थी, कर्मचारी, पालक एवढेच असतील तर कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे. तुमचे कार्यक्रम गावाला खुले, त्यामुळे त्या सुटीवर विसंबू नका. पारंपरिक बंदिशींना अडचण नाही. ज्या नाट्यपदांचे कवी आणि संगीतकार दोघंही जाऊन ६० वर्षं उलटली तीही मोकळी. अलीकडची भावगीतं आणि सिनेमागीतं घेणार असाल तर यादी आधी करा आणि आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवान्याची चौकशी करा. मध्यांतरात ध्वनिमुद्रिका लावायची असेल तर तो हक्क वेगळा. लावूच नका, लोकांना चहा पिऊ द्या.

कॅम्पसकट्टा

वेळ किती वाजताची ठेवू? येळ्ळूर, कंग्राळी, उचगावकडून लोक येतील असं वाटतं.

भातपट्टा

पावणेसहा. त्या दिवसांत सूर्य सहा-सव्वासहाच्या दरम्यान मावळतो, गायकाला मारवा-पूरिया घ्यायचा असेल तर वेळ जुळते, पुढे यमन ओघाने येतो. सत्कार आणि प्रास्ताविक मिळून दहा मिनिटं, ती सुरुवातीलाच. सव्वाआठला आटपलं तर खेड्यांकडच्या शेवटच्या बस मिळतात. साडेसहाची वेळ छापली की आपल्याकडे सात वाजतात, आणि मध्यांतर झालं की गावाकडचे सगळे उठून जातात. पत्रिकेवर 'पावणेसहा म्हणजे पावणेसहा' छापा आणि पहिला षड्ज तेव्हाच लावा, समोर ३० माणसं असली तरी. दुसऱ्या कार्यक्रमाला लोक आपोआप वेळेवर येतात.

जवारी

३० माणसांत सुरू करणार असाल तर सगळ्यांना पुढे बैठकीवर बसवा. मागे विखुरलेली माणसं गायकाला दिसतच नाहीत.