28व्या वर्षी निवृत्त झालेला लाइनबॅकर : आमच्या कबड्डी संघातील वादावर जाणकारांचे मत हवे आहे

कबड्डी मार्गदर्शक, चोपडा

नमस्कार. चोपडा तालुक्यातील आमच्या गावात गेली 16 वर्षे मी तरुणांच्या कबड्डी संघाचा सराव घेतो. संघातील एका मुलाचा थोरला भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याने पाठवलेल्या चित्रफितींमुळे काही महिन्यांपासून आमची मुले सराव आटोपल्यावर मोबाइलभोवती बसून अमेरिकन फुटबॉल पाहू लागली आहेत. त्या खेळाचे सगळे नियम अजून आम्हाला उमगलेले नाहीत. परंतु ‘लाइनबॅकर’ हा खेळाडू मात्र मुलांनी चटकन आपला मानला, कारण अंगावर येणाऱ्याला नेमक्या क्षणी धरून खाली आणणे हे त्याचे काम त्यांना आपल्या कोपरारक्षकाच्या कामासारखेच वाटते.

त्यातूनच लूक कीकली हे नाव पुढे आले. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील कॅरोलायना पँथर्स संघाचा हा लाइनबॅकर जानेवारी 2020 मध्ये, वयाच्या अवघ्या 28व्या वर्षी निवृत्त झाला आणि यावरून आमच्या संघात दोन तट पडले आहेत. काही मुले म्हणतात की हातपाय धड असताना, नाव आणि पैसा दोन्ही असताना जो मैदान सोडतो तो भ्याला. बाकीच्यांना हे पटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही.

हा वाद मला सोडून देता येत नाही, याला कारण आहे. दीड महिन्यापूर्वी एका स्पर्धेत आमच्या डाव्या कोपऱ्यावरील 19 वर्षांच्या मुलाने चढाईपटूचा घोटा धरला आणि त्याच वेळी चढाईपटूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला, पण आपला कोपरा कोणता हे त्याला क्षणभर कळेना. मी त्याला पाणी पाजले, दोन मिनिटे बसवले आणि सामना अटीतटीचा होता म्हणून पुन्हा उतरवले. नंतर चार दिवस त्याचे डोके ठणकत होते, आणि अजूनही उन्हात गेला की दुखते असे तो सांगतो. ही चूक सर्वस्वी माझी आहे आणि ती मला सलते आहे. म्हणून विचारतो, लाइनबॅकरचे काम नेमके काय असते, त्याची कारकीर्द कशी घडते आणि कीकलीसारखा खेळाडू ती मध्येच का थांबवतो?

शिरपूरकर, मुक्काम शार्लट

दादा, मी मूळचा शिरपूरचा. गेली 11 वर्षे नोकरीमुळे अमेरिकेतील शार्लट शहरात राहतो आणि पँथर्सचे मैदान याच शहरात आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो.

बचाव करणाऱ्या संघात 11 खेळाडू असतात. अगदी पुढच्या फळीत धिप्पाड खेळाडू, सर्वांत मागे पास अडवणारे चपळ खेळाडू, आणि या दोन फळ्यांच्या मध्ये, पुढच्या फळीपासून साधारण चार-पाच यार्ड मागे, लाइनबॅकर. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचे असते आणि प्रत्येक प्रयत्नात चेंडू घेऊन धावायचे की फेकायचे हे तो गुप्त ठेवतो. लाइनबॅकरला ते ओळखायचे असते, तेही चेंडू हलल्यानंतर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. धाव असेल तर पुढे घुसून धरायचे, पास असेल तर मागे सरकून मोकळी जागा राखायची. एक पाऊल चुकीच्या दिशेने पडले की तो प्रयत्न हातचा गेला.

तुम्ही मुलांना ‘पाय दख, पाय’ (पाय बघ) असे ओरडून सांगत असाल, कारण चढाईपटू खांद्याने हूल देतो पण पायाने सहसा फसवू शकत नाही. लाइनबॅकरही चेंडूकडे न पाहता समोरच्या फळीतील ‘गार्ड’कडे पाहतो. गार्ड मुसंडी मारून पुढे आला तर बहुधा धाव, उठून मागे सरकला तर बहुधा पास. हूल इथेही आहे, धाव दाखवून पास टाकण्याची युक्ती खास लाइनबॅकरला फसवण्यासाठीच रचलेली असते.

मधल्या लाइनबॅकरवर आणखी एक जबाबदारी असते. 2008 पासून बचावातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाच्या सूचना ऐकण्यासाठी रेडिओ बसवण्याची परवानगी आहे. त्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो आणि तो बहुधा मधल्या लाइनबॅकरच्या डोक्यावर दिसतो. दोन प्रयत्नांमधल्या वेळेचे 15 सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. त्यानंतर समोरची रचना बदलली तर बाकीच्या दहा जणांना हलवणे हे त्याचे एकट्याचे काम. कीकलीचे खरे मोठेपण इथे होते. प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती तो इतक्या बारकाईने पाहत असे की चेंडू हलण्यापूर्वीच तो पुढची चाल सहकाऱ्यांना ओरडून सांगायचा, आणि ती पुष्कळदा खरी ठरायची. त्याची उंची 6 फूट 3 इंच आणि वजन सुमारे 108 किलो होते, पण या लीगमध्ये तशी शरीरे अनेकांची असतात.

कारकिर्दीचा क्रम असा असतो की शाळा, मग महाविद्यालय, आणि मग दर वर्षी सात फेऱ्यांत होणारी निवड, जिला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. तिथे संघ खेळाडू निवडतो, खेळाडूला शहर निवडता येत नाही. सिनसिनाटीत वाढलेला आणि बोस्टन कॉलेजकडून खेळलेला कीकली 2012 च्या ड्राफ्टमध्ये नववा निवडला गेला. त्याला सुरुवातीला बाजूच्या जागेवर खेळवले होते. मधल्या जागेवरचा अनुभवी खेळाडू जायबंदी झाला आणि हा नवखा मुलगा मध्यभागी आला. त्या वर्षी त्याला बचावातील सर्वोत्तम नवोदिताचा आणि पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, साऱ्या लीगमधील सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळाला. 2015 च्या मोसमात पँथर्सने साखळीतील 16 पैकी 15 सामने जिंकले आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, गाठला. तिथे डेन्व्हरने आम्हाला 24-10 असे हरवले. ते दुःख या शहराला अजून आहे.

डोक्याला बसलेल्या माराचा क्रमही याच काळातला आहे. 2015 च्या पहिल्याच सामन्यात एक, नोव्हेंबर 2016 मध्ये दुसरा आणि ऑक्टोबर 2017 मध्ये तिसरा. 2016 चा सामना मी मैदानात बसून पाहिला. धडक फार मोठी वाटली नव्हती. पण गाडीवर बसवून नेताना कीकली लहान मुलासारखा रडत होता, श्वास घ्यायला धडपडत होता, आणि हजारोंनी भरलेले ते मैदान एकदम गप्प झाले. रक्त नाही, हाड मोडलेले नाही, तरीही आपल्या रडण्यावर त्या माणसाचा ताबा राहिला नव्हता. त्या मोसमात तो पुन्हा उतरला नाही.

तरीही त्यानंतर तो तीन मोसम खेळला आणि शेवटच्या, म्हणजे 2019 च्या मोसमात तर सर्व 16 सामने खेळला. आठ वर्षांत 118 सामने, 1,092 टॅकल (चेंडू घेऊन येणाऱ्याला धरून पाडणे) आणि 18 वेळा प्रतिस्पर्ध्याचा पास हवेत झेलणे ही त्याची कमाई. करार शिल्लक होता. निरोपाच्या वेळी त्याने सांगितले की हा खेळ वेगाने, ताकदीने आणि अंग झोकून खेळायचा एवढेच मला माहीत आहे, आणि आता तसे जमेल याची मला खात्री वाटत नाही. मला यात भीती दिसत नाही. समोरच्याचे पाऊल पडण्याआधी ओळखणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीतही तेच केले, असे मला वाटते.

फिजिओथेरपिस्ट, जळगाव

माझ्याकडे कबड्डी आणि कुस्ती खेळणारी मुले सर्वाधिक येतात ती गुडघ्याचे लिगामेंट तुटले म्हणून. त्यामुळे कीकलीच्या शेजारी उभा राहून खेळलेल्या थॉमस डेव्हिसची गोष्ट तुमच्या मुलांना आधी सांगावी असे मी सुचवते.

डेव्हिस हाही पँथर्सचाच लाइनबॅकर. 2009, 2010 आणि 2011 अशा तीन वर्षांत त्याच्या उजव्या गुडघ्यातील एकच लिगामेंट, एसीएल, तीनदा तुटले. तिन्ही वेळा शस्त्रक्रिया झाली, तिन्ही वेळा त्याने महिनोन्महिने व्यायाम केला आणि 2012 मध्ये तो परतला तो 2020 पर्यंत खेळत राहिला. सुपर बोलच्या दोन आठवडे आधी त्याच्या हाताचे हाड मोडले, तेव्हा धातूची पट्टी आणि स्क्रू बसवून घेऊन तो अंतिम सामन्यात उतरला. ज्या मुलांना कीकली भ्याला असे वाटते, त्यांना डेव्हिस शूर वाटेल यात शंका नाही.

परंतु दोघांच्या दुखापती एका तराजूत घालता येत नाहीत. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध घेऊन नवे लिगामेंट बसवता येते. मेंदूच्या बाबतीत असा बदली भाग नाही. हेल्मेटचे म्हणाल, तर ते कवटी फुटू देत नाही. मात्र पाण्याने भरलेली घागर हिसकली तर घागर न फुटताही आतले पाणी जसे हेलकावते, तसा मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो, आणि ते हेल्मेटला पूर्णपणे थांबवता येत नाही.

वारंवार बसणाऱ्या अशा हिसक्यांमुळे काही खेळाडूंच्या मेंदूत सीटीई नावाचा विकार होतो. ‘टाउ’ हे प्रथिन विकृत होऊन मेंदूत साचत जाते आणि त्याचे निश्चित निदान अजून तरी मृत्यूनंतरच करता येते. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या लीगच्या 111 माजी खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत हा विकार आढळला. हे मेंदू बहुतेक लक्षणे जाणवलेल्या खेळाडूंच्या कुटुंबांनी दान केलेले होते, त्यामुळे हेच प्रमाण सर्व खेळाडूंना लावणे चूक ठरेल. तरीही आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्युनियर साउ हा थोर लाइनबॅकर 20 मोसम खेळला, 2012 मध्ये वयाच्या 43व्या वर्षी त्याने आयुष्य संपवले आणि पुढच्या वर्षी त्याच्या मेंदूतही सीटीई असल्याचे जाहीर झाले. त्याच्या दुःखाचे कारण तेवढेच होते असे मी म्हणणार नाही. पण कीकली निवृत्त झाला तेव्हा ही सारी माहिती त्याच्यासमोर होती.

आता तुमच्या मुलाविषयी. दीड महिन्यानंतरही डोके दुखत असेल तर त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेण्यास उशीर करू नका. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी गोंधळले, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवायचे नसते, कारण पहिला मार भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर तरुण मुलांमध्ये मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. त्यानंतरही आधी चालणे, मग हलके धावणे, मग बिनधडकेचा सराव आणि शेवटी पकड अशा पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर त्रास होत नाही हे पाहूनच, डॉक्टरांच्या संमतीने परत आणायचे असते. तुम्ही चूक लपवली नाहीत, हे फार बरे केलेत.

निवृत्त क्रीडाशिक्षक, नंदुरबार

ताईंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण एक बाजू सुटते आहे. कीकलीने 2015 मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे 6 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला होता. थांबणे त्याला परवडले. आपल्याकडचा मुलगा पोलीस किंवा रेल्वेच्या खेळाडू भरतीवर डोळा ठेवून खेळतो आणि वयाची मर्यादा गाठण्याआधी प्रमाणपत्र हाती यावे म्हणून दुखणे लपवतो. त्याला नुसते ‘थांब’ म्हणून भागत नाही, थांबल्यावर काय करायचे तेही सांगावे लागते.

यासाठी सॅम मिल्स पाहा. उंची जेमतेम 5 फूट 9 इंच, त्यामुळे 1981 च्या ड्राफ्टमध्ये कोणीही घेतला नाही. क्लीव्हलँडने काढले, कॅनडातील टोरांटोनेही काढले. मग त्याने न्यू जर्सीतील एका शाळेत फोटोग्राफी आणि सुतारकाम शिकवले. 1983 मध्ये नव्याने निघालेल्या दुसऱ्या एका लीगने त्याला घेतले, तिथून तो न्यू ऑर्लिन्सला गेला आणि शेवटची तीन वर्षे याच पँथर्सकडून खेळला. नंतर तिथेच लाइनबॅकरांचा प्रशिक्षक झाला. 2003 मध्ये कर्करोगाचे निदान झाल्यावरही त्याने संघाला शिकवणे सोडले नाही. 2005 मध्ये तो गेला, आणि 2022 मध्ये त्याला या खेळातील सर्वोच्च सन्मान मिळाला. हातात दुसरे काम असलेल्या माणसाला खेळाकडे परतणेही सोपे जाते आणि खेळ सोडणेही. भाऊ, तुमच्या डाव्या कोपऱ्याला याच वर्षी पंचाच्या परीक्षेला बसवा.

कबड्डी मार्गदर्शक, चोपडा

सर्वांचे मनापासून आभार. काल मुलाला जळगावला नेऊन तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवले. तपासणीत गंभीर काही नाही, पण चार आठवडे पकड पूर्ण बंद ठेवायला सांगितली आहे. त्याच्या वडिलांसमोर मी माझी चूक कबूल केली. सामन्यात कोणाच्या डोक्याला मार लागला तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार यापुढे माझ्याकडे राहणार नाही. तो संघातील एका जुन्या खेळाडूला दिला आहे, कारण गुणफलक पाहताना माझे मन डळमळते हे मी अनुभवले आहे.

डेव्हिस आणि कीकली यांच्या गोष्टी रात्री मुलांना वाचून दाखवल्या. ‘भ्याला’ म्हणणाऱ्यांपैकी दोघे अजून आपल्या मतावर आहेत आणि मी त्यांना गप्प केलेले नाही. पंचाच्या परीक्षेविषयी सरांना वेगळे विचारतो.

शिरपूरकर भाऊ, एक विनंती आहे. डोके खाली घालून धडक देण्यावर तिकडे 2018 पासून दंड आहे असे वाचले. डोके बाजूला ठेवून खांद्याने धरण्याचा सराव तिकडच्या शाळांतून मुलांना कसा देतात, याची एखादी चित्रफीत मिळाली तर पाठवावी. घोटा धरताना आमच्या मुलांचे कपाळ नेमके गुडघ्यासमोर येते, आणि ती सवय मला पावसाळ्यापूर्वी मोडायची आहे.