एटीआरचा पंखा फिरवण्याबद्दल

कॉम्प्युटरवर विमानाचं थ्रीडी मॉडेल करताना इंजिन चालू झालं की पंख्याचं ॲनिमेशन सुरू करा असं सांगतात, ते जेटला चालतंय, पण एटीआर ७२ या प्रॉपेलरवाल्या (म्हणजे बाहेर पंखा असलेल्या) प्रवासी विमानाला नाही ओ. या विमानात बोइंग-एअरबससारखं शेपटीत एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं जादा इंजिन, नसतंय. म्हणून उजव्या इंजिनाला प्रॉपेलर ब्रेक दिलाय, त्याला हॉटेल मोड म्हणतात, म्हणजे इंजिन चालू, वीज आणि गार हवा मिळायलीय, पण बाहेर सहा पात्यांचा पंखा एकदम थांबलेला. हे होतंय कारण त्या पीडब्ल्यू१२७ इंजिनात पंखा फिरवणारं टर्बाइन वेगळं असतंय, ब्रेक फक्त तेवढंच धरून ठेवतंय, आतला मुख्य भाग आपला फिरतच राहतोय. आणि उजवंच का, तर सामानाचं दार पुढे डावीकडे, माणसं चढायची मागे डावीकडे, त्या बाजूला माणसांची ये-जा असते.

मी हे सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमानात चढताना बघितलं, आवाज तर येतोय आणि पंखा उभा! घरी येऊन ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेलं सगळं परत काढलं. तेव्हा ॲनिमेशन इंजिन चालू-बंदला न जोडता पंख्याच्या आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) जोडा, दोन्ही पंखे वेगवेगळे, आणि फिरताना दिसणारी धूसर चकती पण त्याच आकड्यावर. आवाजाचं पण तसंच, इंजिनाची शिट्टी वेगळी फाईल आणि पंख्याचा घरघराट वेगळा, एकत्र केलासा तर हॉटेल मोडमध्ये उभ्या पंख्याचा आवाज येत बसतोय. विमानाची लांबी २७.१७ मीटर आणि दोन्ही पंखांच्या टोकांमधलं अंतर २७.०५ मीटर, एवढं ड्रॉइंगवर आधी ताडून घ्या.